खुर्ची खिडकीकडे सरकवा

प्रश्न : माझ्याकडे खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेरा आहे. बाहेर त्याचे फोटो छान येतात, घरात मात्र काय बिघडतं कळत नाही. फ्लॅश बंद ठेवला तर फोटो हलतो आणि पिवळा पडतो. चालू ठेवला तर माणसं चुना फासल्यासारखी पांढरी आणि मागे काळोख. आईला फारसं हिंडता-फिरता येत नाही, त्यामुळे तिचे फोटो घरातच काढावे लागतात. चार वर्षांचा मुलगा तर एका जागी ठरतच नाही. घरचे म्हणतात, कॅमेरा ठेवून दे आणि फोनवर काढ. तीन फोटो सोबत पाठवते आहे. नक्की चुकतंय कुठे?
ता. क. भिंतीवरच्या बाबांच्या जुन्या फोटोचा फोटो घ्यायचा आहे, पण काचेत दर वेळी फ्लॅशचा तारा उमटतो.
— हललेली

उत्तर : सही तेवढी बदला. हललाय तो फोटो, आणि त्यात तुमच्या हाताचा दोष तुम्हाला वाटतो त्याच्या निम्माही नाही.

तुमचे तिन्ही फोटो मी संगणकावर उघडले आणि आधी चित्र न बघता त्यांची माहिती बघितली. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा गुपचूप लिहून ठेवतो, की शटर किती वेळ उघडं होतं, लेन्सचं तोंड किती उघडं होतं (हा एफचा आकडा), आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड आतल्या आत वाढवायचा आकडा, किती होता, फ्लॅश पडला की नाही. फोटो बघताना कॅमेऱ्यावरचं ‘डिस्प्ले’ किंवा ‘इन्फो’ बटण दाबलंत तर तुम्हालाही यातलं बरंच दिसेल. ही सवय लावून घ्या. फोटो का बिघडला याचा निम्मा तपास तिथेच लागतो.

पहिला फोटो आईंचा. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात खुर्ची, दुपारची वेळ, डोक्यावर बल्ब लावलेला. शटर १/८ सेकंद, एफ ५.९, आयएसओ ८००. एफ ५.९ हा आकडा बघितल्याबरोबर मला कळलं की तुम्ही दारात उभ्या राहून झूम केलंय. आईंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून लांबून काढला असणार. हेतू चांगला होता, पण फोटो तिथेच गेला. का, ते सांगतो.

आपला डोळा फार लबाड आहे. भर उन्हातून घरात आलो की मिनिटभर अंधारल्यासारखं वाटतं, मग सगळं पुन्हा स्वच्छ दिसायला लागतं आणि आपण समजतो की घरात पुरेसा उजेड आहे. प्रत्यक्षात उघड्यावरचं दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) घरात असतं, ढगाळ दिवशी बाहेर दहा हजारांच्या आसपास, आणि रात्री दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत शंभर-दीडशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे बाहेरच्या उन्हाच्या हजाराव्या हिश्शाइतक्या उजेडात आपण मजेत गप्पा मारत बसलेले असतो. डोळा जुळवून घेतो. कॅमेऱ्यापुढे मात्र तीनच वाटा असतात : शटर जास्त वेळ उघडं ठेवणं, लेन्सचं तोंड मोठं करणं, किंवा मिळालेला थोडासा उजेड आतल्या आत वाढवून घेणं, ज्याला आयएसओ म्हणतात. पहिल्या वाटेनं गेलं की फोटो हलतो. तिसऱ्या वाटेनं गेलं की त्यावर रवाळ ठिपके येतात. दुसरी वाट साध्या कॅमेऱ्यात तुमच्या हाती जवळजवळ नसतेच. एक अपवाद आहे, तो लगेच सांगतो.

तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यात तोच ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, क्षेत्रफळानं तीसपट. पावसात एकानं वाटी धरावी आणि दुसऱ्यानं परात, तसं आहे हे. मुसळधार पावसात वाटीही भरते, म्हणून तर बाहेर तुमचे फोटो छान येतात. घरात नुसती भुरभुर असते. तेव्हा वाटीला नावं ठेवण्यापेक्षा ती पागोळीखाली धरावी. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

आता तो अपवाद, म्हणजे झूम. साध्या कॅमेऱ्यांची लेन्स झूम न करता एफ ३ च्या आसपास उघडते आणि पूर्ण झूम केलं की एफ ६ च्या जवळ येते. हा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं तोंड बारीक. तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स झूम न करता एफ ३.२ पर्यंत उघडते, हे तुमच्या दुसऱ्या फोटोच्या माहितीवरून दिसतं. एफ ३.२ आणि एफ ५.९ यांत उजेडाचा जवळजवळ साडेतीनपट फरक पडतो. दारातून झूम करण्याऐवजी तुम्ही चार पावलं पुढे आला असतात, तर १/८ सेकंदाच्या जागी १/२५ सेकंदात काम झालं असतं. शिवाय झूम जितकं जास्त, तितकी हाताची थरथर मोठी होऊन दिसते. चारपट झूम केल्यावर हातात धरून स्थिर फोटो घ्यायचा तर साधारण १/१०० सेकंद लागतो, झूम नसेल तर १/३० मध्ये भागतं. कॅमेऱ्यात थरथर आवरणारी सोय असली की याच्या निम्म्या-पाव वेगातही निभावतं. पण ती सोय तुमचा हात सावरते, समोरच्या माणसाला सावरत नाही. आईंनी मान वळवली की संपलं.

म्हणून घरात पहिला नियम : झूमच्या बटणाला हात लावायचा नाही, पायानं पुढे जायचं. मात्र चेहऱ्याच्या अगदी जवळही जाऊ नका. हातभर अंतरावरून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. दीडेक मीटरवरून माणूस कमरेपासून वर घ्या, नंतर हवं तर कडा कापा. आणि मेनूत ‘डिजिटल झूम’ असं काही दिसलं तर ते कायमचं बंद करून टाका. ते नुसतं चित्र ताणून मोठं करतं.

हे झालं साडेतीनपटीचं. खरी कमाई पुढेच आहे, आणि त्यासाठी कॅमेऱ्याला हातही लावायचा नाही. खुर्ची सरकवायची.

खिडकीपासून तीन-चार मीटर आत उजेड किती झपाट्यानं उतरतो याचा आपल्याला पत्ताच नसतो, कारण डोळा ते लपवतो. आतला कोपरा आणि खिडकीजवळची जागा यांत आठ-दहापट फरक सहज असतो. हिशोब बघा. झूम काढून आपण १/२५ सेकंदावर आलो होतो. आठपट उजेड मिळाला तर तोच फोटो आयएसओ ८०० वर १/२०० सेकंदात निघतो, किंवा आयएसओ २०० वर आणून १/५० सेकंदात. म्हणजे हलणंही गेलं आणि ठिपकेही गेले. एक पै न खर्चता.

आईंना ऊठसूट हलवता येत नाही हे तुम्ही लिहिलंय. पण दिवसातून एक-दोनदा तरी त्या उठतच असतील. त्या उठल्या की तेवढ्या वेळात खुर्ची नेऊन ठेवा, परत येतील त्या तिथेच बसतील. ‘फोटो काढायचाय, इकडे बस’ असं म्हटलं की माणूस ताठ होऊन बसतं. न सांगता खुर्चीच हलवली की काही बिघडत नाही. खिडकीपासून एक मीटरभर अंतर ठेवा आणि खुर्ची अशी फिरवा की उजेड गालावर बाजूनं, थोडा समोरून येईल. तुम्ही खिडकीला जवळजवळ पाठ लावून, किंचित एका कडेला उभ्या राहा. मग काय होतं ते निरखून बघा : खिडकीकडचा गाल उजळतो, नाकाच्या पलीकडे हलकी सावली पडते, आणि दोन्ही डोळ्यांत खिडकीचा एकेक छोटा चौकोन चमकतो. तो चौकोन डोळ्यांत दिसला की समजा, जागा बरोबर आहे. दिसत नसेल तर हनुवटी जरा वर घ्यायला सांगा, किंवा खुर्ची वीतभर फिरवा. त्या ठिपक्याशिवाय चेहरा विझल्यासारखा वाटतो.

थेट ऊन आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर चालत नाहीत, एक गाल पेटलेला आणि दुसरा काळा दिसतो. पलीकडची सावली फारच गडद वाटली तर त्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर एखादी पांढरी चादर टाका किंवा कुणाला तरी पांढरा पुठ्ठा धरायला लावा. चौकटीत येणार नाही इतपत जवळ. फरक लगेच दिसतो.

आता जे सांगणार आहे ते ऐकून घरचे हसतील : खिडकीचा उजेड वापरताना खोलीतला बल्ब बंद करा. उजेड कमी पडतोय म्हणून तर बल्ब लावला होता, मग बंद कशाला? तुमच्या पहिल्या फोटोत आईंचे केस आणि कपाळ पिवळं-नारिंगी आलंय आणि खांदा निळसर, ते यामुळेच. दिवसाचा उजेड रंगाच्या मापात साधारण ५,५०० केल्व्हिनचा असतो आणि पिवळ्या बल्बचा २,७०० ते ३,००० चा. डोळा दोन्हींना पांढरंच म्हणतो. कॅमेऱ्याला मात्र एकाच वेळी एकच काहीतरी पांढरं धरता येतं. खिडकी पांढरी धरली तर बल्बखालचं सगळं पिवळं, बल्ब पांढरा धरला तर खिडकीकडचं सगळं निळं. दोन प्रकारचे उजेड मिसळले की कुठलंच सेटिंग ते निस्तरू शकत नाही.

रात्री नुसते दिवेच असतील तेव्हा मेनूतलं ‘व्हाइट बॅलन्स’ वापरा. बल्बचं चित्र बल्बसाठी, ट्यूबचं ट्यूबसाठी. ‘कस्टम’ नावाची सोय असेल तर त्याहून उत्तम : त्याच दिव्याखाली कोरा कागद धरायचा, पडदाभर दिसेल असा, आणि कॅमेऱ्याला सांगायचं की हे पांढरं. सकाळी उठून ते पुन्हा ‘ऑटो’वर आणायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बाहेरच्या सगळ्या फोटोंत माणसं निळी दिसत होती.

दुसरा फोटो, घरातल्या मंडळींचा, रात्रीचा, फ्लॅश मारलेला. समोर बसलेली दोघं पांढरीफटक, मागे उभे असलेले भुताखेतांसारखे अंधुक, आणि त्यामागची खोली नाहीशीच झालेली. यात कॅमेऱ्याचा दोष नाही, उजेडाचा स्वभावच तसा आहे. फ्लॅशपासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा उरतो. तिप्पट अंतरावर नववा. तुमच्या फोटोत पुढचे लोक मीटरभरावर आहेत आणि मागचे तीन मीटरवर. म्हणजे पुढच्यांना जितका उजेड मिळाला त्याच्या नवव्या हिश्शात मागच्यांनी भागवायचं. कॅमेऱ्यानं चौकटीतला सगळा काळोख बघून फ्लॅशचा जोर वाढवला, आणि त्याचा मार पुढच्यांनी खाल्ला.

उपाय फ्लॅशमध्ये नाही, बसण्याच्या रचनेत आहे. सगळ्यांना कॅमेऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर, दोन-अडीच मीटरवर आणा. एकामागे एक अशा खोल रांगा नकोत, धनुष्यासारखी कमान करा. उंच माणसं खुर्चीच्या मागे पण खुर्चीला चिकटून. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश तीन-साडेतीन मीटरच्या पलीकडे दमतो, आणि झूम केलंत तर दोन मीटरलाच. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेतून व्यासपीठाकडे फ्लॅश मारणारे बघितले की मला त्यांच्या उत्साहाचं कौतुक वाटतं. त्यात पुढच्या रांगेतली टकलं तेवढी उजळतात.

शिवाय फ्लॅशच्या बटणात ‘स्लो सिंक्रो’ नावाचं एक चित्र असतं, काही कॅमेऱ्यांत त्यालाच ‘नाइट पोर्ट्रेट’ म्हणतात. यात फ्लॅश तर पडतोच, पण शटर आणखी थोडा वेळ उघडं राहतं, आणि तेवढ्यात खोलीतल्या दिव्यांचा उजेडही आत येतो. मागचा काळोख जातो, घर घरासारखं दिसतं. दोनच गोष्टी सांभाळायच्या : कॅमेरा टेबलावर किंवा कपाटावर टेकवायचा, आणि लोकांना बजावायचं की फ्लॅश पडला म्हणजे फोटो झाला असं नाही, मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हलू नका.

हे बजावणं किती गरजेचं आहे ते मी स्वानुभवानं सांगतो. लाल डोळे घालवण्याची म्हणून एक सोय असते. डोळ्याच्या पाठीमागचा रक्तवाहिन्यांचा थर फ्लॅशच्या उजेडात चमकतो, म्हणून बुब्बुळं लाल येतात. ते टाळायला कॅमेरा आधी एक छोटा उजेड पाडून बाहुल्या आकसवतो आणि मग जराशानं खरा फ्लॅश मारतो. माझ्याकडे सगळ्या भावंडांचा मिळून एकच फोटो आहे, आणि त्यात एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. पहिल्या चमकेला सगळे हसले, झालं समजून वळले, आणि फोटो निघाला तो त्यांच्या पाठमोऱ्या पांगापांगीचा. डोळे कुणाचेच लाल आले नाहीत, एवढं खरं. तेव्हापासून मी ती सोय बंद ठेवतो. त्यापेक्षा खोलीतले सगळे दिवे लावा, बाहुल्या आपोआप लहान होतात. लाल डोळे नंतर संगणकावर पुसताही येतात.

जवळून एकट्या माणसाचा फोटो असेल आणि फ्लॅश बोचत असेल तर त्यावर पातळ पांढऱ्या टिश्यू पेपरचा एक पदर धरा. उजेड फार मऊ होत नाही, पण त्याचा जोर कमी होतो. लेन्सवर कागदाचं टोक येणार नाही एवढं बघा.

तिसरा फोटो तुमच्या मुलाचा. खिडकीत उभा आहे, बाहेरचं झाड सुरेख, आणि मुलगा कोळशासारखा काळा. इथे उजेड भरपूर होता, पण होता त्याच्या पाठीमागे. कॅमेऱ्यानं खिडकी मोजली आणि ठरवलं, बापरे, केवढा उजेड. सोपा उपाय म्हणजे तुम्हीच खिडकीच्या बाजूला जाऊन त्याचा चेहरा उजेडाकडे वळू द्या. ते शक्य नसेल, झाडासकटच हवा असेल, तर फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता जबरदस्तीनं चालू करा, नुसत्या विजेच्या बाणाचं चित्र असतं ते. दिवसाउजेडी फ्लॅश लावायला लोकांना संकोच वाटतो, पण फ्लॅशचा खरा उपयोग रात्रीपेक्षा इथेच आहे. एक खबरदारी : खिडकीची काच बंद असेल तर किंचित तिरपं उभं राहा, नाहीतर काचेत फ्लॅश दिसेल. तिसरा मार्ग म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं बटण. ते अधिक १ वर नेलं की कॅमेरा दुप्पट उजेड घेतो. मुलगा दिसतो, बाहेरचं झाड पांढरं होतं. मला तो परिणाम आवडतो. तुम्हाला झाड महत्त्वाचं असेल तर नाही आवडणार.

आणि तो एका जागी ठरत नाही, त्याचं काय? धावणारं मूल थांबवायला १/२५० सेकंद लागतो, नुसतं चुळबुळ करणारं १/१२५ मध्ये सापडतं. घरात हे दोनच ठिकाणी जमतं : खिडकीशी, किंवा फ्लॅशच्या आवाक्यात. फ्लॅश पडतो तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही छोटा असतो, त्यात उडी मारणारं मूलही गोठतं. पण बहुतेक वेळा मुलाला पकडायला वेगापेक्षा वाट बघणं उपयोगी पडतं. त्याच्या खेळण्यांचा पसारा खिडकीखाली मांडा, तो आपसूक तिथे येईल. तुम्ही जमिनीवर बसा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. बटण अर्धं दाबून ठेवा, हिरवी चौकट दिसेपर्यंत. या कॅमेऱ्यांना फोकस करायलाच जास्त वेळ लागतो. तो आधीच झालेला असला की उरलेलं अर्धं बटण दाबताच फोटो निघतो. मग थांबा. ठोकळ्यावर ठोकळा ठेवताना मूल श्वास रोखतं, अर्धा सेकंद का होईना पुतळा होतं. तो तुमचा क्षण. ‘इकडे बघ’ म्हणालात की संपलं, ते पळत कॅमेऱ्यावर येतं. नुसता एक फोटो घेऊन थांबू नका, ‘कंटिन्युअस’वर ठेवून चार-पाच घ्या, एखादा बरा निघतोच.

हाताच्या थरथरीबद्दल थोडं. एका हातात लांब धरून पडद्यात बघत फोटो काढायची जी पद्धत पडली आहे, तिच्यासारखी वाईट पद्धत नाही. दोन्ही हातांनी धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, खांदा दाराच्या चौकटीला. श्वास सोडता सोडता बटण दाबा, टोचू नका. समोरचं स्थिर असेल तर कॅमेरा कशावर तरी ठेवून दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा. बोट बटणावरून निघाल्यावर फोटो निघतो, त्यामुळे दाबण्याचा धक्का लागत नाही. मोज्यात वाळू भरून तोंड बांधलं की कॅमेरा हव्या त्या कोनात रुतून बसेल अशी उशी तयार होते.

अजून एक जुनी युक्ती मला फार प्रिय आहे. कॅमेऱ्याच्या बुडाशी ट्रायपॉडसाठी आट्यांचं भोक असतं. त्याचं माप जगभर एकच, पाव इंच. त्यात बसेल असा आखूड बोल्ट घ्या, त्याला तुमच्या उंचीएवढी सुतळी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणून धरा. वर-खाली होणारी थरथर त्या ताणानं बरीच निवते. खिशात मावणारा ट्रायपॉड म्हणा हवं तर. बोल्ट हलक्या हातानं फिरवा, अडला की थांबा, जोर केलात तर बूड फुटेल.

आयएसओबद्दल माझं मत असं, की हललेल्या फोटोपेक्षा ठिपक्यांचा फोटो कधीही बरा. ठिपके छोट्या प्रिंटमध्ये दिसतही नाहीत, हललेला चेहरा मात्र कुठल्याच आकारात सुधारत नाही. तरी या सेन्सरवर ८०० च्या पुढे जाताना विचार करा. १६०० ला कॅमेरा ठिपके पुसण्याच्या नादात केस आणि पापण्याही सारवून टाकतो, चेहरा मेणाचा दिसायला लागतो.

आणि लेन्स पुसा. हसू नका. खिशात, पिशवीत राहून तिच्यावर बोटाचा तेलकट डाग पडतो, आणि मग प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं. चष्म्याचं मऊ फडकं, आधी हलकी फुंकर, मग गोल फिरवून पुसणं. लुगड्याच्या पदरानं किंवा शर्टाच्या टोकानं नको, त्यातली धूळ चरे पाडते.

फोनचं काय, ते घरच्यांना असं सांगा. अलीकडचा फोन रात्रीच्या उजेडात तुमच्या कॅमेऱ्याला हरवतो, हे मान्य करून टाका. त्याची लेन्स जास्त उघडते, आणि एका फोटोच्या नावाखाली तो भराभर अनेक फोटो घेऊन त्यांची सरमिसळ करून एक स्वच्छ फोटो बनवतो. काही साध्या कॅमेऱ्यांतही अशी सोय असते, हातात धरून रात्रीचा फोटो घेण्याची. तुमच्या मेनूत शोधून बघा. पण सरमिसळीत हलणारं मूल अनेकदा पुसट होतं, आणि तिथे तुमच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश कामाला येतो. तो खरा चमकणारा फ्लॅश आहे, फोनवर असते ती टॉर्चसारखी पेटून राहणारी बत्ती, तिच्यात ना तेवढा जोर ना तेवढा वेग. तेव्हा टाकून देऊ नका. रात्री शांत बसलेल्या माणसांसाठी फोन, उड्या मारणाऱ्या मुलासाठी कॅमेरा, आणि दिवसा खिडकीशी दोन्ही सारखेच.

आता बाबांचा फोटो. तो भिंतीवर असताना काढूच नका. उतरवा, काच कोरड्या फडक्यानं पुसा, आणि खिडकीजवळच्या टेबलावर आडवा ठेवा, असा की उजेड एका कुशीकडून येईल. चौकटीतून काढून बघायचा मोह आवरा. जुना फोटो काचेला चिकटलेला असू शकतो, ओढताना वरचा थर निघून येतो. फ्लॅश बंद, खोलीतले दिवेही बंद. कॅमेरा बरोबर वरून, काचेला समांतर धरा, नाहीतर चौकट एका बाजूला निमुळती येईल. इतका वेळ झूम करू नका म्हणून घोकत होतो, इथे मात्र थोडं करा, साधारण दुप्पट, आणि तेवढं मागे सरा. झूम न करता जवळून काढलं की सरळ कडा पिंपासारख्या बाहेर फुगलेल्या दिसतात. दोन पुस्तकांचे ढीग लावून त्यांवर फळी टाका, कॅमेरा फळीच्या कडेवर लेन्स खाली करून ठेवा, हातानं धरून ठेवा पडू नये म्हणून, आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. अंगात गडद रंगाचे कपडे असू द्या. पांढरा सदरा घातलात तर काचेत बाबांच्या चेहऱ्यावर तुमचाच सदरा दिसेल. तरीही छताची झाक येत असेल तर कॅमेऱ्याच्या मागे एखादी काळी शाल कुणाला तरी पसरून धरायला सांगा. चार वर्षांच्या माणसाला हे काम दिलंत तर तोही पाच मिनिटं एका जागी उभा राहील.